गिअरबॉक्सवर पाळत

३ नोव्हेंबर १९५२, सोमवार.

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. ट्रकच्या बाबतीत काहीतरी शिजतंय. ते उघडकीला येईल तेव्हा तारीख-वार आपल्या हाताशी पाहिजेत. वही कणगीच्या मागे ठेवायची. घरात कोणाला सांगायचं नाही.

घडलं ते असं. केळीचे घड भरून सावदा स्टेशनला चाललो होतो. टॉप गिअर पडलेला, गाडी मजेत, आणि एकदम खट्ट! दांडा आपला आपण सुटून न्यूट्रलला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी मंदावतेय. धनसिंगने पुन्हा टॉप टाकला. थोड्या वेळाने पुन्हा खट्ट. स्टेशन येईपर्यंत हाच खेळ. धनसिंग म्हणजे आमचा ड्रायव्हर. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ट्रक लष्कराच्या लिलावातला. ब्रह्मदेशच्या लढाईत जाऊन आलेला. जपान्यांपुढे जो गिअर सुटला नाही तो यावल रस्त्यावर कसा सुटतो? कोणीतरी सोडतंय.

४ नोव्हेंबर.

संशयितांची नावं इथे लिहायची नाहीत. वही कोणाच्या हाती लागली तर? नुसतं 'तो' लिहायचं.

'तो' आज ट्रकखाली शिरून बराच वेळ काहीतरी करत होता. मी विचारलं तर 'तो' म्हणाला की बिडी पडली होती. तेवढ्यात रस्त्याने 'तो' गेला आणि 'त्या'च्याकडे बघून हसला. 'त्या'नेही 'त्या'ला मान हलवली.

संध्याकाळी वाचून पाहिलं. कोण कोणाकडे बघून हसला ते मलाच कळेना. उद्यापासून नावं लिहायची.

५ नोव्हेंबर.

धनसिंग. धुळ्याकडचा. गरजेपेक्षा जास्त नम्र. आल्यापासून पगार वाढवून मागितला नाही. असा ड्रायव्हर कोणी बघितलाय? म्हणजे याला दुसरीकडून मिळतंय.

कुठून? तर इंदरचंद शेठकडून. केळीचे व्यापारी, मोठी पेढी, गोड बोलणं. दिवाळीपासून भेटतील तिथे विचारतात की लीलाधरभाऊ, गाडी कशी आहे. अहो, माणूस माणसाची तब्येत विचारतो. गाडीची कशाला?

शिवाय आमचेच गाडीवान. ट्रक आल्यापासून आबांच्या बैलगाड्या निम्म्या वेळ गोठ्यासमोर उभ्या. गाडीवान तंबाखू मळत बसतात आणि ट्रककडे बघतात. त्या बघण्यात प्रेम नाही.

आबांचाही ट्रकवर पहिल्यापासून राग. पण ते वडील. वडिलांवर संशय घेणं बरं नाही. तूर्त घेत नाही.

७ नोव्हेंबर.

आज सापळा लावला. धनसिंगच्या शेजारी बसलो आणि गिअरचा दांडा वरून माझ्या हाताने घट्ट दाबून धरला. आता सुटला तर कोण सोडतो ते कळेल.

सुटला. माझ्याच हातात सुटला. म्हणजे हा हाताने सोडत नाही. पायाने काहीतरी करतो. उद्या पायांकडे बघायचं.

८ नोव्हेंबर.

पायांकडे बघत बसलो. पाय वाकडे आहेत. बाकी काही सापडलं नाही. खाली वाकून बसल्यामुळे स्टेशनच्या फाट्यावर कपाळ आपटलं. ब्रेक मुद्दाम मारला असावा.

११ नोव्हेंबर.

धनसिंगने मला न विचारता जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि टॉप टाकला की त्या पट्टीने दांडा सीटच्या पायाला बांधायला सुरुवात केली. म्हणे, "मालक, गेर म्हातारा व्हयी गया. त्याले आधार लागस." तीन खेपा झाल्या. गिअर एकदाही सुटला नाही.

हे फारच संशयास्पद आहे. इतका सोपा इलाज? रोग लपवायचा असला की माणूस असली पट्टी बांधतो. शिवाय स्टेशनवर चारचौघांत ट्रक दोरी बांधलेल्या म्हशीसारखा दिसतो. पट्टी काढून टाकली. धनसिंगने ती उचलून घेतली. नुसती घडी करून खिशात ठेवली. पुन्हा वापरायचा विचार दिसतो.

१३ नोव्हेंबर.

पट्टी नसल्यामुळे आज वाटेत गिअर इतका सुटला की स्टेशनला पोचेपर्यंत वजन घेणारा बाबू घरी निघून गेला. घड रात्रभर फलाटावर. वरचे दोन थर काळे पडले.

आबांनी जेवताना विषय काढला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. दहा डिसेंबरला आपल्या मळ्याची वॅगन आहे, दिल्लीची. म्हणाले, "ती वॅगन ट्रकनं भरली तं ट्रक राहीन. नाही भरली तं इकून टाका." ही वाढता वाढता थांबली. मी म्हणालो, मंजूर.

ट्रक जाणार नाही. उभ्या गावात ट्रकवाले लीलाधर भंगाळे आम्ही एकटेच. ट्रक गेला तर नुसते चुडामण आबांचे चिरंजीव उरतो. बेचाळिशीत पुन्हा चिरंजीव व्हायची आपली इच्छा नाही.

१४ नोव्हेंबर.

निश्चय : गिअरबॉक्स स्वतः उतरवायचा, स्वतः उघडायचा, दोष स्वतः शोधायचा. जळगावच्या मिस्त्र्यांकडे जायचं नाही. तिथल्या दोन गॅरेजांत इंदरचंद शेठच्या नातलगांच्या गाड्या दुरुस्त होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मिस्त्री लोकांचा धंदा सगळ्यांना माहीत आहे. तुमचा लष्करी पोलादाचा चांगला गिअर काढून घेतात, तसाच दिसणारा टाकाऊ बसवतात आणि वर पान मागवतात.

१६ नोव्हेंबर. रविवार.

गिअरबॉक्स उतरवला! जाड बांबू, सोलदोर, मी, धनसिंग आणि दोन गाडीवान. गाडीवानांनी फार आनंदाने मदत केली. आनंद नोंदवून ठेवतो.

ओसरीवर गोणपाट पसरून उघडला. आत घट्ट काळं तेल आणि दात असलेली चाकं. लहान, मोठी, एकात एक. बघून छाती भरून आली. यात काय कळायचंय? घड्याळासारखंच आहे, फक्त मोठं. एकेक गिअर ओढून काढला, रॉकेलने धुतला, ओळीने मांडला. दोष एकाही गिअरमध्ये दिसला नाही. दात सगळे शाबूत.

ज्या झाकणात दांडा बसतो ते झाकणही उचकटलं. त्यातून एक गोळी टुणकन उडाली आणि तुळशीवृंदावनाकडे गेली. हिने शोधून आणून दिली. मागोमाग एक लहानशी स्प्रिंगही पडली. मुंगळ्याएवढी. असल्या चिल्लर गोष्टींवर वेळ घालवायचा नाही, म्हणून दोन्ही काड्यापेटीत टाकून ठेवल्या.

१८ नोव्हेंबर.

गिअर पुन्हा बसवायला घेतले. जमत नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी एक चाक उरतं, आणि दर वेळी वेगळं.

धनसिंगने हात लावू का विचारलं. नको म्हणालो. आता कुठे तो हात लावायला उतावीळ झालाय.

१९ नोव्हेंबर.

धुळ्याला न्यायचा. आग्रा रोडवर रात्रंदिवस ट्रक चालतात, तिथले मिस्त्री तरबेज. शिवाय तिथे इंदरचंद शेठला कोणी ओळखत नाही. मोतीलाल मिस्त्रीचं नाव ऐकून आहे.

फक्त धोका एकच. गिअर बदलले तर? लष्करी पोलाद आहे. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात इकडचं तिकडे.

२० नोव्हेंबर.

उपाय सुचला! जेवताना सुचला. ताटाच्या काठावर नाव वाचलं : चि. लीलाधर यांस मामांकडून, शके अमुक. ते ताट किती लग्नांत, किती पंगतींत गेलं आणि प्रत्येक वेळी घरी परत आलं. का? नाव आहे म्हणून. ज्या भांड्यावर नाव घातलं नाही ते गेलंच. हिचा तांब्या असाच गेला.

मग गिअरवर नाव का घालू नये? प्रत्येक गिअरवर माझं नाव, गाव आणि तारीख. मोतीलाल काय, मोतीलालच्या बापाला बदलता येणार नाहीत.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले सोताच्या सावलीवर तरी भरोसा हाय का?" बायकांना यंत्रातलं कळत नाही.

२१ नोव्हेंबर.

यावलच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा बसतो, त्याला घरी आणला. बसला, चष्मा लावला, छिन्नी टेकवून हातोडी मारली. छिन्नीचं टोक मोडलं. गिअरवर ओरखडासुद्धा नाही. दुसरी छिन्नी. तीही मोडली. माणूस रडकुंडीला आला.

मला मात्र आनंद झाला. बघा पोलाद! असलं पोलाद बदलायला मिस्त्री का टपणार नाहीत?

चिंधा लोहाराला बोलावलं. तो म्हणाला की नरम केल्याशिवाय नाव घालता येणार नाही. भट्टीत लाल करायचे आणि राखेत पुरून हळूहळू गार होऊ द्यायचे. उद्या सकाळीच.

२२ नोव्हेंबर.

दिवसभर चिंधाच्या भट्टीसमोर बसलो. नजर हलवली नाही. गिअर कसे लाललाल झाले! राखेतून निघाले ते जरा निळसर-काळे. मग नाव घालणारा बसला आणि छिन्नी अशी चालली की लोण्यातून चालावी. 'लीलाधर चुडामण भंगाळे, १९५२'. लहान गिअरवर जागा कमी पडली, तिथे 'ली. चु. भं.' एका मोठ्या गिअरवर हौसेने केळीचं पान काढून दिलं. फार सुरेख.

चिंधाने एक खोडसाळ गोष्ट सांगितली. म्हणाला, पोलादाचं पाणी उतरलं, आता पुन्हा पाणी दिलं पाहिजे. पाणी म्हणजे कडकपणा. विळा तापवून बुडवतात, तसं. पण ते बेतानं करावं लागतं, म्हणून गिअर आज रात्री त्याच्याकडे राहू द्यावेत.

आलं लक्षात! रात्री त्याच्याकडे! नावं आत्ताच घातलीत आणि हा म्हणतो रात्री राहू द्या. मी काय कुक्कुलं बाळ आहे? सगळे गिअर गोणीत भरले आणि घरी आणले. रात्री गोणी उशाशी. मान अवघडली.

२५ नोव्हेंबर. धुळे.

जळगावहून चाळीसगाव, चाळीसगावला गाडी बदलून धुळे. गिअर, त्यांची रिकामी पेटी आणि झाकण, सगळं एकाच गोणीत, आणि वरून हिने जुनी गोधडी गुंडाळून दिली होती. डब्यात शेजारच्या म्हातारीने विचारलं की दुखणं काय आहे. तिला वाटलं, आत कोणीतरी माणूस झोपलंय. चाळीसगावला हमाल गोणी उचलायला आला. त्याला हात लावू दिला नाही. स्वतः उचलली. पाठीत भरलं.

सबंध प्रवासात एक माणूस सारखा गोणीकडे बघत होता. धुळ्याला उतरून तो माझ्या पुढेच चालू लागला. पाठलाग असा पुढूनही करता येतो.

२६ नोव्हेंबर. धुळे.

मोतीलाल मिस्त्रीचं गॅरेज. समोरच स्टूल घेऊन बसलो. काड्यापेटी त्याने आधी उघडली. ती मुंगळ्याएवढी स्प्रिंग बोटांत धरून दाबली आणि म्हणाला की हिच्यात जीव उरला नाही. झाकणात गोळीला ती दाबून धरते आणि गोळी गिअरला धरून ठेवते. नवी टाकली की गिअर सुटणार नाही. झाकण उघडायचं, स्प्रिंग टाकायची, झाकण लावायचं. बाकी काही खोलायची गरजच नव्हती म्हणे.

एवढंच? या मुंगळ्यासाठी मी चार तालुके ओलांडून आलो? माणूस विश्वास बसेल असं काहीतरी सांगेल की नाही!

मग त्याने गोणी सोडली. पहिला गिअर बाहेर काढला, उजेडात धरला आणि फिरवून फिरवून पाहिला. मग विचारलं, "हाई कोनी करं?" मी म्हणालो, मी. त्याने सगळ्या मिस्त्र्यांना बोलावलं. शेजारच्या गॅरेजचेही आले. एकाने नाव मोठ्याने वाचलं. एकाने केळीच्या पानावरून बोट फिरवलं. बहुतेक सगळ्यांचे बेत एका क्षणात फसले असावेत, कारण सगळे हसत होते. फजिती झाली की माणूस हसतोच.

मोतीलालने कानशीने एका दाताला घासून दाखवलं. दाताचा चुरा पडला. म्हणाला, पाणी गेलंय. भरल्या गाडीत हे गिअर टिकणार नाहीत. एक तर दुसरे घ्या, नाही तर दोन दिवस ठेवा, भट्टीवाल्याकडून पाणी देऊन घेतो.

चिंधाचेच शब्द! यावलचा लोहार आणि धुळ्याचा मिस्त्री, दोघांना एकच वाक्य कोणी पढवलं? जाळं वाटलं त्यापेक्षा मोठं आहे.

मी ठणकावून सांगितलं : हेच गिअर, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. त्याने बसवून दिले. नवी स्प्रिंगही टाकली. निघताना म्हणाला की भाऊ, गाडी रिकामी चालेल, माल भरू नका. उघड धमकी. तारखेसह नोंदवली.

३० नोव्हेंबर. रविवार.

विजय! गिअरबॉक्स चढवला, नवं तेल घातलं, यावलपर्यंत रिकामा ट्रक नेऊन आणला. टॉप टाकला तो टॉपच राहिला. आवाज नाही, खट्ट नाही. धनसिंग खूश झाला. म्हणाला, मालक, स्प्रिंग बरी बसली. मी म्हणालो, स्प्रिंग नाही, नाव. आपल्या नावाचा गिअर आपल्याला सोडून कसा जाईल?

इंदरचंद शेठ पारावर बसले होते. विचारलंच त्यांनी, गाडी कशी आहे. "ठणठणीत," म्हणालो. चेहरा हसरा ठेवला त्यांनी. आतून काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक.

४ डिसेंबर.

दुसरा ट्रक घ्यावा का? विचार करायला हवा. दोन ट्रक, गावात गॅरेज, पाटीवर 'भंगाळे'. मिस्त्री बाहेरचा नको. गिअरवर नाव घालायची पद्धत इतरांना शिकवावी की गुप्त ठेवावी?

६ डिसेंबर.

गाडीवानांचा बंदोबस्त केला. वॅगनच्या दिवशी बैलगाड्या घरी असल्या तर हे लोक ट्रकला काहीतरी करतील. मग म्हणतील, आहोतच आम्ही. इंदरचंद शेठना त्यांच्या मालासाठी गाड्या हव्याच होत्या. दहा तारखेपर्यंत सगळ्या देऊन टाकल्या. बैल, गाडीवान, सगळं. एका दगडात दोन पक्षी : गाडीवान ट्रकपासून लांब आणि शेठ माझ्या उपकारात.

आबांना सांगितलं. आबा नुसतं "बरं" म्हणाले. ही मात्र म्हणाली की एखादी गाडी तरी ठेवायची. हिच्या बोलण्याचं कारण शोधायला हवं.

९ डिसेंबर.

उद्या. मळ्यात केळी कापणं सुरू झालं. घड असे भरलेत की उचलताना माणूस वाकतो. आबा स्वतः बांधावर उभे. वर्षाचा माल आहे. वॅगन संध्याकाळी निघते. भरली नाही तर दिल्लीवाले थांबत नाहीत आणि कापलेली केळीही थांबत नाहीत.

धनसिंगने सुचवलं की निम्माच माल भरू, हळू जाऊ, दोन खेपा करू. निम्मा का? उरलेल्या निम्म्यावर कोणाचा डोळा आहे? सांगितलं, सगळा एकाच खेपेत. मी शेजारी बसणार.

१० डिसेंबर. दुपार. नाल्यात.

ही नोंद ट्रकच्या पायरीवर बसून लिहितोय.

सकाळी नारळ फोडून निघालो. फाट्यापर्यंत काही नाही. मग खालून बारीक रडल्यासारखा आवाज. धनसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे पाहिलं. नाल्याच्या चढाला त्याने पहिला गिअर टाकला, गाडीने अर्धा चढ घेतला, आणि आतून ज्वारी भरडल्यासारखं झालं. मग काही नाही. इंजिन चालू, क्लच सोडलेला, दांडा गिअरमध्येच, आणि ट्रक हळूहळू मागे मागे नाल्यात.

सगळे गिअर टाकून पाहिले. एकही पकडत नाही. धनसिंग खाली शिरला, तेलाचं बूच काढलं. तेलाबरोबर चुरा आला. चमकदार. ओंजळभर. त्याने तो पागोट्याच्या टोकात धरून मला दाखवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उन्हं चढतायत. घडांवर ओली गोणपाटं टाकली. स्टेशन अजून लांब आहे.

१० डिसेंबर. संध्याकाळ. स्टेशन.

बैलगाड्यांची रांग आली. आमच्याच गाड्या, आमचेच बैल. इंदरचंद शेठचा माल स्टेशनवर उतरवून रिकाम्या परत चालल्या होत्या. मागे शेठ छकड्यात. त्यांनी ट्रक पाहिला, मला पाहिलं, गाडी कशी आहे ते या वेळी विचारलं नाही. गाडीवानांना नुसतं "फिरवा" म्हणाले. पहिल्या गाडीवर आबा बसलेले. सकाळीच तिच्यावर येऊन बसले होते म्हणे. आबा खाली उतरले, धोतराचा काचा मारला आणि मला म्हणाले, "चाल, घड उतरू."

वॅगन भरली. शेवटचे घड गार्डाने शिट्टी फुंकल्यावर चढले. गाडीवान, धनसिंग, शेठचे हमाल, सगळे धावत होते. मीही धावत होतो. माल वाचला.

ट्रकनं नाही भरली.

इंदरचंद शेठनी का मदत केली? विचार करून डोकं दुखतंय.

१२ डिसेंबर.

धुळ्याहून मोतीलाल आला. गिअरबॉक्स उघडला. दात एकालाही नाहीत, सगळी चाकं गुळगुळीत झालीत. नावं स्वच्छ वाचता येतात. चिंधा बघायला आला होता. हसला नाही. गिअर त्या रात्री त्याच्याकडे ठेवायला हवे होते, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, तो हसला का नाही?

१६ डिसेंबर.

ट्रक विकला. इंदरचंद शेठनी घेतला. नवे गिअर ते स्वतःच्या पैशाने टाकणार.

म्हणजे शेवटी माझंच खरं ठरलं. पहिल्या दिवसापासून लिहितोय की त्यांचा डोळा ट्रकवर आहे. कोणी ऐकलं नाही. हिला म्हणालो, बघ, आता तरी पटलं? तिने पदराने डोळे पुसले. पटलं असावं.

१८ डिसेंबर.

धनसिंग निरोप घ्यायला आला. शेठकडे राहणार, ट्रकबरोबर. बोचकं काखेत. ओसरीवर आबांच्या पाया पडला, हिच्या पाया पडला. माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मी म्हणालो, बोचकं उघड.

तोंडातून गेलंच.

त्याने उघडलं. दोन सदरे, एक धोतर, दाढीचं सामान, बायकोसाठी बांगड्या आणि ट्यूबच्या पट्टीची घडी. म्हणाला, "बठ्ठं हाईच शे, मालक." सगळं एवढंच. मग नीट बांधलं, पाया पडला आणि गेला. ही आत निघून गेली. आबा म्हणाले, "लीलाधर..." आणि उठून गोठ्याकडे गेले.

मला फार वाईट वाटलं. खरोखर वाईट वाटलं. हे पुरावा म्हणून लिहीत नाही.

७ जानेवारी १९५३. सावदा रस्ता.

खेप बैलगाडीने. दुसरा गाडीवान आजारी, म्हणून कासरा माझ्या हाती. आबांनीच दिला. आबा मागच्या गाडीत.

फाट्याच्या अलीकडे मागून हॉर्न. ओळखीचा. माझाच ट्रक. नवा रंग. बैल बुजू नयेत म्हणून धनसिंगने लांबूनच वेग कमी केला, शेजारी आला, थांबला. विचारलं, मालक, बठ्ठं बरं शे ना? मालकीण कशा आहेत? मी म्हणालो, बरं आहे. गिअर? म्हणाला, एकदाही सुटला नाही. मग टॉप टाकून गेला. बराच वेळ बघत होतो. खट्ट ऐकू येईल असं वाटत होतं. आलं नाही. मोठ्याने रडावंसं वाटलं, पण मागे आबा होते.

कासरा सैल पडला होता तो ओढला. डावा बैल उजव्यापेक्षा हळू चालतो. पोटभर खातो, धष्टपुष्ट आहे, मग हळू का? पुन्हा पाहिलं. मुद्दाम चालतो. लक्ष ठेवायला हवं.